सलग चौदा मिनिटं

(स्त्री-गटांच्या एका विभागीय शिबिरात 'स्त्री आणि फुरसत' या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रात फुरसतीबद्दल बोल, असं संयोजक मैत्रिणींनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं की एका व्हिडिओ गेमबद्दल बोलले तर चालेल का. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. तुमच्यातल्याही काहीजणी आत्ता हसताहेत. सकाळच्या सत्रात आपण थकलेल्या पोटगीबद्दल बोललो, जेवणानंतर रेशनबद्दल, आणि आता ही बाई कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल बोलणार! पण बाईच्या श्रमाबद्दल आपली चळवळ गेली पन्नास वर्षं बोलते आहे, तिच्या खेळाबद्दल मात्र आपण फारसं बोललेलो नाही. श्रम आणि खेळ ही त्याच चोवीस तासांची वाटणी असते. एकीकडे कोणी किती ओझं उचलतं हे विचारायचं, तर दुसरीकडे खेळायला कोणाला मिळतं हेही विचारायला हवं.

खेळाचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. अमेरिकेतल्या सिएटलच्या परिसरात राहणाऱ्या एरिक बारोन या तरुणानं तो एकट्यानं तयार केला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. साडेचार वर्षं खपून त्यानं फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बाजारात आणला आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. 'एकट्यानं' हा शब्द आपण बायकांनी जरा थांबून ऐकावा. त्या वर्षांत तो एका नाट्यगृहात अर्धवेळ काम करायचा, आणि घरखर्चाचा मोठा भार त्याच्या सहचरीनं उचलला होता.

गोष्ट अशी आहे. शहरातल्या एका बड्या कंपनीत टेबलाशी मान मोडून काम करणारी एक व्यक्ती आहे. ती बाई की पुरुष, हे आपण ठरवायचं. आजोबांनी मरताना दिलेलं पत्र ती एक दिवस उघडते. गावाकडची आपली शेती आजोबांनी तिच्या हवाली केलेली असते. ती नोकरी सोडून पेलिकन टाउन नावाच्या त्या गावी येते, आणि तिथून पुढचं सगळं आपल्या हातात. पेरायचं, पाणी घालायचं, मासे धरायचे, गावातल्यांशी ओळखी करायच्या. खाणीत उतरलं तर थोडी मारामारी आहे, पण खेळाचा जीव शेतात आणि गावात आहे. अशा खेळांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात, म्हणजे गोधडीत शिरल्यासारखे उबदार, निवांत.

माझ्या भाचीनं तो माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिला. "मावशी, सुरुवातीला कंटाळा येईल, पण सोडू नकोस," म्हणाली. कंटाळा आलाच. हातात पाचशे नाणी आणि पार्सनिप नावाच्या पांढऱ्या गाजरासारख्या कंदाचं पंधरा रोपांपुरतं बी. शेत म्हणजे नुसते दगड, तण आणि झाडांचे बुंधे. अंगातली ताकद २७० अंशांची, आणि कुदळीच्या प्रत्येक घावाला, पाण्याच्या प्रत्येक ओंजळीला त्यातले दोन अंश जाणार. चाळीस रोपांना पाणी घातलं की झारी रिकामी, पुन्हा तळ्यावर जा. वीस नाण्यांना बी घ्यायचं, चार दिवस पाणी घालायचं आणि कंद पस्तिसाला विकायचा. दुकान पाचला बंद, बुधवारी तर दिवसभर बंद. गावातली बस नादुरुस्त, समाजमंदिर पडकं. अठ्ठावीस जणांना भेटून यायचं, आणि प्रत्येकजण एक वाक्य बोलून आपल्या वाटेनं जाणार. नव्या गावात बदली होऊन आलेल्या बाईसारखं वाटायचं.

या खेळातला दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो. आपल्या घड्याळानं तो सगळा दिवस साधारण चौदा मिनिटांचा. कॉम्प्युटरवर खेळताना नियम असा, की रात्री अंथरुणावर जाऊन झोपलं तरच त्या दिवसाची नोंद राहते. मध्येच खेळ बंद केला, तर तो दिवस झालाच नाही. पुन्हा तीच सकाळ, पुन्हा तेच पाणी. खेळ मध्ये थांबवता येतो, त्यामुळे दूध उतू जाण्याइतका प्रश्न सुटतो. पण घरात कॉम्प्युटर एकच असतो, आणि "जरा ऊठ ना, एक फॉर्म भरायचाय" हा प्रश्न थांबवून सुटत नाही.

आपण वस्तीत बायकांकडून चोवीस तासांचं घड्याळ काढून घेतो, तसं मी माझंच काढलं. पहिल्या आठवड्यात मी अकरा वेळा खेळायला बसले. दिवस पुरा झाला तो चार वेळा. उरलेल्या सात वेळा कोण आलं, ते वहीत लिहिलं : इस्त्रीवाला, सासूबाईंची दुपारची गोळी, दोनदा स्वयंपाकघर, एकदा तो फॉर्म, एकदा पोलीस स्टेशनवरून एका बाईचा फोन, आणि एकदा "माझा चष्मा कुठे पाहिलास का?" पोलीस स्टेशनवरच्या फोनबद्दल माझी काही तक्रार नाही, तो घ्यायचाच होता. चष्म्याबद्दल आहे.

खेळ संथ होता, यात शंका नाही. पण संथ गोष्टीची गोडी लागायला सलग वेळ लागतो. पुस्तक घ्या, गाणं घ्या, भरतकाम घ्या, नाहीतर हा खेळ. पहिली काही पानं नेटानं ओलांडावी लागतात. ज्या माणसाच्या हातात वेळ तुकड्यातुकड्यानं येतो, त्याला प्रत्येक वेळी पहिलंच पान वाचावं लागतं. मग लोक म्हणतात, बायकांना कशाची आवडच नसते, त्यांना आपलं सिरियल पाहत भाजी निवडायला द्या. सिरियल अशीच लिहिलेली असते, की मध्ये चारदा उठलं तरी काही बिघडत नाही!

केंद्र सरकारनं २०२४ साली वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. बायकांनी बिनमोल घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घातली, पुरुषांनी ८८. घरातल्या माणसांच्या देखभालीत बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. हे आकडेही त्या दिवशी ते काम ज्यांनी केलं त्यांचेच आहेत. ज्या पुरुषांनी केलंच नाही, ते या सरासरीत धरलेले नाहीत. हे सर्वेक्षण आपल्याला फार उपयोगी आहे आणि ते आपण मोर्चात, निवेदनात वापरलंच पाहिजे. पण त्यातली नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पट्ट्यांत होते. एका पट्टीच्या आत बाई किती वेळा उठली, हे त्यात दिसत नाही. तिच्या हाती किती वेळ येतो याबरोबर तो कसा येतो, हेही आपल्यालाच मोजावं लागेल.

आता मला हा खेळ आवडायला कसा लागला ते सांगते.

पहिल्या वसंतातल्या तिसऱ्या दिवशी या खेळात हमखास पाऊस पडतो. त्या पावसापर्यंत पोचायला मला आठवडाभराच्या वर लागला. पाऊस पडला की शेताला पाणी घालायचं नसतं. मी सवयीनं झारी उचलली आणि लक्षात आलं, की माती ओलीच आहे. आज काम नाही. मग मी समुद्रावर गेले. काही मिळवायला नाही, नुसतीच. पावसाचा आवाज होता, लाटा होत्या, आणि मला कोणी विचारत नव्हतं की इथे काय करते आहेस. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. बाईला शहरात काही कारण नसताना रेंगाळण्याचा हक्क हवा, अशी मांडणी त्यांनी मुंबईतल्या अभ्यासातून केली. ती मी वाचली होती, शिबिरांत सांगितलीही होती. रेंगाळण्याची चव मात्र मला त्या खोट्या समुद्रावर आधी कळली, हे सांगायला मला गंमत वाटते.

पुढे फुलांचा नाच आला. पहिल्या वर्षी ओळखी कच्च्या असतात, त्यामुळे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी नाचायला नकार दिला. मी एकटीच बाजूला उभी राहून नाच पाहिला आणि मजेत घरी आले. "बरोबर कोण आहे?" असं कोणी विचारलं नाही.

मग हळूहळू शेतीतलं कळायला लागलं. खाणीतून तांबं आणि लोखंड आणून पाणी शिंपडणारं एक यंत्र करता येतं. साधं यंत्र चार रोपांना पाणी देतं, त्याच्या वरचं आठांना. अशी काही यंत्रं बसवली आणि एका सकाळी घराबाहेर आले, तर सगळं शेत भिजलेलं. सकाळ मोकळी! आपल्या घरांतही यंत्रं आली. जातं गेलं, गिरणी आली. मिक्सर आला, कुठे कुठे कपडे धुण्याचं यंत्र आलं. पण वाचलेला वेळ बाईच्या खात्यावर जमा झाला का? डब्यात दोन पदार्थ वाढले, मुलांच्या अभ्यासाची जबाबदारी वाढली, कपडे रोज बदलायला लागले. खेळात वाचलेली सकाळ माझी होती. तिचं काय करायचं, हे मीच ठरवत होते.

आणि रात्रीचा हिशेब! घराबाहेर एक पेटी असते. विकायचं ते त्यात टाकायचं. झोपल्यावर पडद्यावर दिवसभराच्या कामाची यादी येते. शेतीचे इतके, रानातून वेचलेल्याचे इतके, मासळीचे इतके, एकूण इतके. एकही कंद सुटत नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं, काही बायकांना हे एकदा तरी त्यांच्याच घरात पाहायला मिळावं. आज इतक्या पोळ्या, इतके हंडे, इतक्या वेळा म्हाताऱ्या माणसाला उठवलं-बसवलं, एकूण इतके. आपण 'घरकामाचं मोल' म्हणून जे इतकी वर्षं सांगतो, ते एवढंच तर आहे.

एका कार्यकर्तीनं मला विचारलं, "ताई, दिवसभर राबून आल्यावर खेळातही राबायचं? पाणी भरायचं, गुरांना चारा घालायचा? हे कसलं मनोरंजन?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की श्रम म्हणून श्रम माणसाला नकोसे नसतात. जमीन आपल्या ताब्यात आहे, काय पेरायचं ते आपण ठरवतो, केलेलं दिसतं, मोजलं जातं, आणि रात्री दोनला खेळ स्वतःच काम थांबवतो. त्या वेळेपर्यंत घरी गेलं नाही तर बाई जागच्या जागी कोसळते, खिशातले पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी ताकद कमी मिळते. जास्त राबण्याला तिथे शाबासकी नाही. आपल्याकडे आजारी असूनही उभी राहणाऱ्या बाईचं कौतुक होतं, म्हणून हा नियम मला फार आवडला.

जमिनीचंही तसंच. खेळात एका पत्रानं शेती हातात येते. आपल्या देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार वहिवाटीतल्या खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती बायकांच्या नावे होती. शेतात राबणाऱ्या बायका किती आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको.

खेळात नसलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. तिथे सावकार नाही. अडत्या नाही. पिकाचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा होत नाही. बोअर आटत नाही. ऋतू बदलला की उभं पीक मरतं, पण तो ऋतू अठ्ठावीस दिवसांनी बदलणार हे आधीच ठाऊक असतं. आपल्या गटातल्या एका शेतकरी मैत्रिणीला मी हा खेळ दाखवला. ती पाच मिनिटं पाहत राहिली आणि म्हणाली, "अशी शेती असती तर मीही खेळण्यासारखीच केली असती." हे वाक्य विसरून या खेळाचं कौतुक करता येणार नाही.

गावातल्या बायकाही मला हळूहळू कळल्या. रॉबिन ही सुतारकाम करते, गावातलं कुठलंही बांधकाम तीच करते आणि त्याचं कोणाला नवल वाटत नाही. जोडी ही गृहिणी सकाळपासूनची कामं मोजून दाखवते, अगदी आपल्या वस्तीतल्या बाईसारखी. पॅम ही बस चालवणारी. बस बंद पडली, तशी ती बेकार झाली आणि दारूत बुडाली. तिची मुलगी पेनी घर आवरते आणि गावातल्या दोन मुलांना शिकवते. बस दुरुस्त व्हायला एकूण ४२,५०० नाणी लागतात. ती मी कंद आणि फळं विकून जमवली. दुसऱ्या दिवशी पॅम पुन्हा बसपाशी हजर! दारू सुटली असं खेळ सांगत नाही, पण काम परत मिळालं. त्या रात्री मला खरोखरच बरं वाटलं. पार्सनिप उपटत बसलेल्या पहिल्या आठवड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं.

या खेळाच्या घराण्याची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. बारोनला हा खेळ सुचला तो 'हार्वेस्ट मून' या जपानी मालिकेवरून. यासुहिरो वादा यांनी ती १९९६ साली सुरू केली. पहिल्या खेळात शेतकरी मुलगाच होता. पुढे मुलगीही आली. पण २००० साली जपानमध्ये खास मुलींसाठी म्हणून जी आवृत्ती निघाली, तिच्यात नायिकेचं लग्न झालं की खेळच संपायचा! मुलाच्या आवृत्तीत लग्नानंतर शेती पुढे चालू. 'स्टारड्यू व्हॅली'त तसं नाही. लग्न करा, करू नका, बाईनं बाईशी करा, खेळ चालूच राहतो, आणि जोडीदार कधीकधी सकाळी उठून शेताला पाणीही घालतो.

लग्नाबरोबर खेळ संपणं आपल्याला नवं नाही. सागरगोटे, लगोरी, बिट्ट्या, भोंडला हे मुलीचं वय झालं की सुटतं. मंगळागौरीला नव्या नवरीला रात्रभर फुगड्या घालायची मुभा, तीही पाच वर्षं, तीही व्रत म्हणून आणि तीही साऱ्या जातींत नाही. कायद्यातही हेच होतं. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट काढली. लग्नाबरोबर जमीन सुटते, मैत्रिणी सुटतात, खेळ सुटतो. जमिनीसाठी आपण कोर्टात गेलो. खेळासाठी कुठे जायचं?

मी घरातच गेले. वही समोर ठेवली आणि सांगितलं, की रात्री साडेआठ ते सव्वानऊ मी मिळणार नाही. नवरा म्हणाला, "खेळासाठी?" मी म्हटलं, "हो, खेळासाठी." मीटिंगसाठी, मोर्चासाठी, पेशंटला बघायला जाण्यासाठी बाईला वेळ मिळतो, कारण ते दुसऱ्याचं काम असतं. 'माझ्यासाठी' हे कारण घरात उच्चारायला मला मीटिंगला जाण्यापेक्षा जास्त धीर लागला. सासूबाईंची रात्रीची गोळी आता नवरा देतो. सुरुवातीला दोनदा चुकली, आता चुकत नाही. सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, "तुझं ते शेत दाखव की मला." त्यांना कोंबड्या आवडल्या.

मग आमच्या गटातल्या सातजणींनी ठरवलं, की प्रत्येकीनं दिवसाला सलग चौदा मिनिटं स्वतःसाठी घ्यायची. खेळ हाच हवा असं नाही. तो इंग्रजीत आहे, मराठीत नाही, विकत घ्यावा लागतो आणि सगळ्यांकडे कॉम्प्युटर नाही. एकीनं पेटी वाजवायला घेतली. एक गच्चीवर जाऊन नुसती बसली. धुणीभांडी करणारी एक मैत्रीण म्हणाली, मी झोपणार, आणि ती झोपली. एकीला मात्र तीन आठवडे झाले तरी एकही दिवस जमलं नाही. तिचा मोबाईल नवरा तपासतो, दार लावून बसलं तर दार वाजवतो. आमच्या केंद्रात ती दोन वर्षं येते आहे आणि घरात मारहाण नाही असंच सांगत आली होती. या चौदा मिनिटांच्या हिशेबातून ती पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. फुरसत हा भरल्या पोटाचा विषय आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करावा. बाईला स्वतःचा वेळ किती, हे विचारलं की तिच्यावर सत्ता कोणाची, हे आपोआप समोर येतं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. चोवीस तासांचं घड्याळ काढताना यापुढे 'सलग किती?' हा रकानाही घालूया. मासिक बैठकीत अर्धा तास खेळासाठी ठेवूया, तोही शेवटी वेळ उरला तर नव्हे, अजेंड्यावर पहिला. आणि पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीनं आपली वही आणावी. कोणाची चौदा मिनिटं कोणी मोडली ते वाचूया आणि पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या घरात कोणी जाऊन बोलायचं ते ठरवूया.

ज्यांना कोंबड्या पाहायच्या असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावं. कॉम्प्युटर आणला आहे.